अजिंठ्याच्या गावी चिनी चित्रपट

चित्रपट महोत्सवात दाखवला जाणारा समकालीन चिनी चित्रपट म्हणजे चीनमध्ये तिकीटबारीवर चालणारा चित्रपट, असे समीकरण मांडता येत नाही. चीनची चित्रपट-बाजारपेठ अवाढव्य आहे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी कमाईत ती जगात पहिली होती, आणि तिथे चालतात ते युद्धपट, विनोदी चित्रपट आणि अलीकडे ॲनिमेशनपट. महोत्सवांच्या वाटेने भारतात पोहोचतो तो त्याच देशातला दुसरा प्रवाह. थोड्या पैशांत, बहुधा एखाद्या आडगावात, मोठ्या नटांशिवाय किंवा एखाद-दुसऱ्याच ओळखीच्या चेहऱ्यावर उभा राहिलेला हा सामाजिक-कौटुंबिक चित्रपट. छत्रपती संभाजीनगरच्या प्रेक्षकाला तो समजून घेता यावा, यासाठी लागणारी पार्श्वभूमी इथे दिली आहे.

संभाजीनगरात जागतिक चित्रपट एकगठ्ठा पाहायला मिळतात ते अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. हा महोत्सव २०१४ साली सुरू झाला. करोनाच्या काळात त्यात खंड पडला. दहावा महोत्सव १५ ते १९ जानेवारी २०२५ या दिवसांत झाला. जीवनगौरव पुरस्काराला ‘पद्मपाणी’ आणि उत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्काराला ‘सुवर्ण कैलास’ हे नाव देऊन महोत्सवाने अजिंठ्याची पहिली आणि वेरूळची सोळावी लेणी आपल्या घरातच आणली आहेत. खेळ मात्र होतात मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये. एरवी ज्या पडद्यावर हिंदी चित्रपट आणि दाक्षिणात्य चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्या लागतात, त्याच पडद्यावर हे पाच दिवस इराण, तुर्कस्तान, जपान, पोलंड दिसतात. ज्या गावाने विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून चंद्रकांत कुलकर्णींसारखे दिग्दर्शक घडवले, तिथे सकाळच्या खेळाला रांग लागली तर त्यात नवल नाही.

महोत्सवातल्या खेळाची एक कायदेशीर बाजू आहे. परदेशी चित्रपट इथे सार्वजनिकरीत्या दाखवायचा तर त्याला प्रमाणपत्र मंडळाचे प्रमाणपत्र लागते. महोत्सवासाठी मात्र माहिती व प्रसारण मंत्रालय त्यातून सूट देते, आणि म्हणूनच प्रवेश नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरता असतो. चिनी चित्रपटाच्या बाबतीत यातून एक गंमत उद्भवते. चीनमधून निघताना त्याला सरकारी शिक्का लागतो, आणि इथे पोहोचल्यावर शिक्क्यातून सूट मिळते. त्या शिक्क्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

मराठी चित्रपटसृष्टीचा चीनशी संबंध महोत्सवांच्या बराच आधीचा आहे. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. तिथेच त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. डॉक्टर स्वतः शांताराम झाले आणि छिंगलान झाल्या जयश्री. चीनने त्याच डॉक्टरांवर आपला चित्रपट काढायला १९८२ साल उजाडावे लागले. त्यानंतर दोन्ही देशांचे पडदे एकमेकांकडे फारसे वळले नाहीत. २०१४ मध्ये सहनिर्मितीचा करार झाला आणि त्यातून चिनी भिक्षू ह्युएनत्संगाच्या प्रवासावर ‘श्वान्झांग’ (२०१६) आला. २०१७ मध्ये ‘दंगल’ने भारतापेक्षा चीनमध्ये जास्त पैसे मिळवले. उलट दिशेने, म्हणजे चिनी सामाजिक चित्रपट इथल्या चित्रपटगृहात नियमितपणे लागण्याच्या दिशेने, काही घडले नाही. ती जागा महोत्सवांनी भरली.

या महोत्सवांपैकी गोव्यात भरणाऱ्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, म्हणजे इफ्फीची, चिनी चित्रपटांशी मैत्री सर्वांत ठळक आहे. २००६ मध्ये हासी चाओलू यांच्या ‘द ओल्ड बार्बर’ला तिथे सुवर्णमयूर मिळाला. बीजिंगच्या जुन्या गल्लीत तीनचाकी सायकलवर फिरून दाढी-कटिंग करणारा म्हातारा न्हावी आणि एकामागून एक जग सोडून जाणारी त्याची गिऱ्हाइके एवढाच त्याचा विषय. २०१७ मध्ये व्हिव्हियन छू यांना ‘एंजल्स वेअर व्हाइट’साठी दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये तिबेटी दिग्दर्शक पेमा त्सेदेन यांच्या ‘बलून’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. या तिघांचे विषय बाजूबाजूला ठेवले तरी चिनी सामाजिक चित्रपटाचा आवाका कळतो: जुन्या वस्तीचे मरण, कागदपत्रांविना जगणारी मुलगी, आणि सरकारी कुटुंबनियोजन घरात शिरल्यावर झालेली कोंडी.

‘समकालीन’ या शब्दाची सीमा चीनच्या बाबतीत पिढ्यांनी आखली जाते. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली बीजिंग फिल्म अकादमी पुन्हा उघडल्यावर १९८२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना ‘पाचवी पिढी’ म्हणतात. चेन खायगे यांचा ‘यलो अर्थ’ (१९८४) ही त्यांची नांदी, आणि त्याचे छायाचित्रण झांग यिमोऊ यांचे. पुढे झांग यांच्या ‘रेड सोर्गम’ला १९८८ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल मिळाले, तर चेन यांच्या ‘फेअरवेल माय कॉनक्युबाइन’ला १९९३ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. लाल रंग, कंदील, सरंजामी वाडे, पिवळी माती हे त्यांचे जग. नव्वदीत आलेल्या ‘सहाव्या पिढी’ने हे सौंदर्य बाजूला सारले आणि कॅमेरा खांद्यावर घेऊन ती बसस्थानकात, कारखान्याच्या चाळीत, कराओकेच्या दुकानात शिरली. ज्या झांगके, वांग श्याओश्वाय, लोऊ ये ही त्यातली मोठी नावे. आज महोत्सवात येणारा चिनी चित्रपट बहुधा यांचा किंवा यांच्या वाटेने चालणाऱ्या धाकट्यांचा असतो. पाचव्या पिढीची आठवण मनात धरून देखण्या चीनची अपेक्षा करणारा प्रेक्षक पहिल्या वीस मिनिटांतच निराश होतो.

आता तो शिक्का. चीनमध्ये वयोगटांनुसार प्रमाणपत्रे नाहीत. चित्रपट एक तर सर्वांसाठी असतो, नाहीतर कुणासाठीच नसतो. मान्यता मिळालेल्या चित्रपटाच्या सुरुवातीला हिरव्या पार्श्वभूमीवर सोनेरी ड्रॅगनची मुद्रा दिसते. तिला ‘लोंगब्याओ’, म्हणजे ड्रॅगनची खूण, म्हणतात. २०१८ पासून हे खाते कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे आहे. परदेशी महोत्सवात चित्रपट न्यायचा तरी मान्यता लागते. ती न घेता ‘समर पॅलेस’ २००६ मध्ये कानला नेला म्हणून लोऊ ये यांच्यावर पाच वर्षे चित्रपट काढण्याची बंदी आली. झांग यिमोऊंसारख्या वजनदार दिग्दर्शकाचा ‘वन सेकंड’ही २०१९ मध्ये बर्लिनमधून ऐनवेळी मागे घेतला गेला, आणि कारण सांगितले गेले ‘तांत्रिक’. ज्या झांगके यांच्या ‘अ टच ऑफ सिन’ला २०१३ मध्ये कानला पटकथेचा पुरस्कार मिळाला, पण मायदेशी तो प्रदर्शितच झाला नाही.

या व्यवस्थेमुळे चिनी सामाजिक चित्रपटाला एक वळण लागले आहे. तो आरोप करत नाही, दाखवून पुढे जातो. अधिकारी पडद्यावर येतो तेव्हा बहुधा सौम्यच असतो. दोष कुणाचा हे कुणी बोलत नाही, तरी कुणाचे काय गेले हे नेमके मोजून दाखवलेले असते. लांबलचक शॉट आणि कमी संवाद ही शैली तर आहेच, पण ती या मौनाची सोयही आहे. घोषणा देणाऱ्या सामाजिक चित्रपटाची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला हे सुरुवातीला बुळचट वाटते. तसे ते नसते. न बोललेले कुठे ठेवले आहे, ते शोधत हा चित्रपट पाहायचा असतो.

तो शोध घ्यायचा तर काही व्यवस्था ठाऊक हव्यात, आणि त्यात ‘हुकोऊ’ ही सर्वांत महत्त्वाची. १९५८ च्या नियमांनी प्रत्येक कुटुंबाची नोंद एका गावाशी बांधली आणि माणसे ग्रामीण व शहरी अशी विभागली गेली. शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन हे सारे त्या नोंदीवर अवलंबून राहिले. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांनी कोट्यवधी खेडूत शहरांतल्या कारखान्यांत आले. त्यांचा घाम शहराला हवा होता, पण त्यांची नोंद गावातच राहिली. अलीकडे नियम सैल झाले असले तरी मोठ्या शहरांत ही भिंत अजून उभी आहे. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या आणि त्यांच्या मुलांची सुटणारी शाळा ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तरी फरक आहे. ऊसतोड मजुराला कायदा शहरात राहण्यापासून अडवत नाही, गरिबी अडवते. चिनी मजुराला कित्येक वर्षे दोन्हींनी अडवले. ‘एंजल्स वेअर व्हाइट’मध्ये समुद्रकाठच्या लॉजच्या खिडकीशी बसणारी किशोरवयीन मिया दोन शाळकरी मुलींवरील अत्याचाराची साक्षीदार ठरते, पण तिच्याकडे ओळखपत्रच नाही. साक्ष द्यायची तर आधी आपण कोण हे सांगावे लागेल, आणि तेच तिला परवडणारे नाही. कथेचा सारा ताण त्या नसलेल्या कागदात आहे.

दुसरी व्यवस्था एकाच मुलाची. १९८० च्या सुमारास सक्तीचा झालेला हा नियम २०१५ च्या अखेरीपर्यंत चालला. वांग श्याओश्वाय यांच्या ‘सो लाँग, माय सन’ (२०१९) या तीन तासांहून मोठ्या चित्रपटात एका कामगार जोडप्याचा एकुलता मुलगा बुडून मरतो. दुसरे मूल त्याआधीच कारखान्यातल्या नियोजन अधिकाऱ्याने, म्हणजे त्यांच्या घरोब्यातल्याच बाईने, गर्भपात करायला लावून घालवलेले असते. गुन्हा करणारी आणि ज्यांच्यावर तो झाला ती माणसे पुढची तीस वर्षे एकमेकांच्या आठवणीत राहतात. वांग चिंगचून आणि योंग मेय या दोघांनाही बर्लिनला अभिनयाची रौप्य अस्वले मिळाली, आणि ती सार्थ होती. आणीबाणीतल्या नसबंदी शिबिरांच्या आठवणी महाराष्ट्रातही आहेत. तो प्रकार इथे दोन वर्षांत संपला, चीनमध्ये पस्तीस वर्षे चालला. मुले, नातवंडे, लग्ने, म्हातारपण सारे त्याच साच्यात वाढले.

तिसरी गोष्ट पाणी आणि जमीन. ज्या झांगके यांचा ‘स्टिल लाइफ’ (२००६, व्हेनिसचा सुवर्णसिंह) यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणात जाणाऱ्या फंगज्ये या दोन हजार वर्षांच्या गावात घडतो. शान्शीतला एक खाणकामगार सोळा वर्षांपूर्वी निघून गेलेल्या बायकोच्या शोधात तिथे येतो, तर पत्त्यावर पाणी. भिंतींवर पाणी कुठवर चढणार याच्या खुणा रंगवलेल्या आहेत आणि मजूर हातोड्यांनी आपलेच गाव पाडत आहेत. दहा युआनच्या नोटेवर जे निसर्गचित्र छापले आहे ते समोर दिसते, आणि नोट उंचावून ते ताडून पाहिले जाते. पैठणला १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पूर्ण झाले. नाथसागराखाली गेलेल्या गावांतल्या लोकांना उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर जुन्या देवळाचे दगड दिसत. फंगज्येची गोष्ट त्यांच्या पिढीला परकी वाटणार नाही. चित्रपटात मध्येच एक इमारत अग्निबाणासारखी आकाशात उडून जाते. त्याचा अर्थ लावत बसण्यापेक्षा, जिथे शहरच उचलून नेले जाते तिथे हेही घडू शकते, एवढे मानून पुढे जाणे बरे.

जमिनीच्या प्रश्नासाठी मात्र एका चित्रपटापाशी अधिक थांबायला हवे. ली रुइजुन यांचा ‘रिटर्न टू डस्ट’ फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत होता आणि त्याच जुलैमध्ये चीनमध्ये लागला. चिनी नावाचा अर्थ साधारण ‘धूळ-धुरात विरून जाणे’ असा होतो. गान्सू प्रांतातल्या गावाची ही गोष्ट. मा योउथ्ये हा भावाच्या घरी राबणारा प्रौढ, अविवाहित शेतकरी. त्साओ ग्वेइयिंग ही अंगाने अधू, लघवीवर ताबा नसलेली बाई. दोन्ही घरांना ही माणसे डोईजड झालेली असतात, म्हणून त्यांचे लग्न लावून देतात. पुढे दोन तास काय घडते? ती दोघे गहू पेरतात, मक्याची राखण करतात, उसन्या आणलेल्या अंड्यांतून खोक्यात दिव्याच्या उबेवर पिल्ले काढतात, आणि मातीच्या विटा पाडून घर बांधतात. रात्री पाऊस आला की विटा झाकायला धावतात, चिखलात पडतात आणि हसतात. योउथ्ये गव्हाचे दाणे तिच्या हातावर फुलासारखे मांडून दाबतो, आणि दाणे काढले की कातडीवर फूल उमटते. प्रेमाचा शब्द दोघेही उच्चारत नाहीत.

गावातल्या बड्या असामीला योउथ्येचे दुर्मिळ गटाचे रक्त हवे असते. त्यासाठी त्याला महागड्या मोटारीतून तालुक्याला नेले जाते. एका बाजूने रक्त जाते, दुसऱ्या बाजूने घर. ओसाड घरे पाडणाऱ्याला सरकारी अनुदान मिळते, म्हणून शहरात गेलेले मालक परत येतात आणि हे जोडपे ज्या पडक्या घरात राहत असते ते पाडायला लावतात. इथे मराठवाड्यातल्या प्रेक्षकाने एक ध्यानात ठेवावे. चीनच्या खेड्यात शेतजमीन गावाच्या सामूहिक मालकीची असते. शेतकऱ्याला मिळतो तो कसण्याचा हक्क. त्याच्या नावाचा सातबारा नसतो, त्यामुळे तो जमीन विकून कर्ज फेडत नाही. तिथला शेतकरी वेगळ्या तऱ्हेने बेघर होतो. आपल्याकडच्या शेतकरी आत्महत्यांच्या चौकटीत हा चित्रपट बसवण्याचा मोह होतो, आणि महोत्सवानंतरच्या गप्पांत असे बसवणे सोपेही असते. पण योउथ्येला सावकार छळत नाही. तो स्वतःच प्रत्येकाचे देणे, अगदी उसन्या दहा अंड्यांचेसुद्धा, मोजून परत करतो. त्याचा हा हिशेबीपणाच चित्रपटाचा कणा आहे.

योउथ्येचे काम करणारे वू रनलिन हे नट नव्हेत, ते दिग्दर्शकाच्या नात्यातले शेतकरीच. ग्वेइयिंगच्या भूमिकेतली हाय छिंग मात्र चिनी दूरचित्रवाणीवरची नावाजलेली अभिनेत्री. गहू पेरण्यापासून मळणीपर्यंतचा हंगाम खरोखर पुरा होऊ दिला आणि घरही खरेच बांधले. म्हणूनच हातांच्या हालचालींत अभिनय दिसत नाही. चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर चढत गेला, दहा कोटी युआनच्या पुढे गेला, आणि सप्टेंबर २०२२ अखेर चीनमधल्या ऑनलाइन मंचांवरून गायब झाला. कारण जाहीर झाले नाही.

हा चित्रपट घडतो तो गाओथाय तालुका ‘हशी’ नावाच्या लांबट पट्ट्यात आहे. एका अंगाला वाळवंट, दुसऱ्या अंगाला बर्फाचे डोंगर, आणि मधून रेशीममार्ग. याच पट्ट्याच्या पश्चिम टोकाला दुनहुआंग आहे. तिथल्या मोगाओ लेण्यांचे काम चौथ्या शतकात सुरू झाले आणि बौद्ध भित्तिचित्रांत अजिंठ्याचे नाव घेतल्यावर त्यांचे नाव निघतेच. सातव्या शतकात भारताकडे निघालेला ह्युएनत्संग याच पट्ट्यातून चालत गेला. पुढे ६४१ च्या सुमारास तो पुलकेशी राजाच्या महाराष्ट्रात होता. दरीतल्या डोंगरात कोरलेल्या विहाराचे आणि दारातल्या दगडी हत्तींचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचेच, असे अभ्यासक मानतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेणीच्या पायथ्याशी ते हत्ती आजही आहेत. योउथ्येच्या गाढवगाडीचा रस्ता आणि त्या भिक्षूचा रस्ता एकच, हे संभाजीनगरात बसून चित्रपट पाहणाऱ्याला जेवढे जवळचे वाटेल तेवढे इतर शहरांत क्वचितच वाटेल.

राहिला भाषेचा प्रश्न. पडद्याखाली इंग्रजी अक्षरे धावतात आणि ती बोलीतला फरक गिळून टाकतात. ज्या झांगके यांची पात्रे शान्शीची बोली बोलतात, ली रुइजुन यांची गान्सूची, पेमा त्सेदेन यांची तर तिबेटी. बीजिंगच्या प्रेक्षकालाही यांतले बरेचसे चिनी अक्षरे वाचूनच कळते. लातूर-परभणीकडच्या बोलीतला संवाद इंग्रजीत गेल्यावर जसा सपाट होतो, तसेच हे. नावांत आडनाव आधी येते: झांग हे आडनाव, यिमोऊ हे नाव. उच्चारांत मराठी माणूस हिंदी माणसापेक्षा थोडा नशीबवान आहे. ‘चमचा’मधला दंत्य च मराठीत असल्याने रोमन लिपीत ‘झेड’ने लिहिला जाणारा चिनी वर्ण त्याला सहज जमतो. आपण मात्र माओच्या नावात तो ‘त्स’ असा लिहीत आलो.

शेवटी प्रतीविषयी. एकाच चिनी चित्रपटाच्या दोन प्रती असू शकतात. ‘रिटर्न टू डस्ट’ची जी प्रत परदेशी महोत्सवांत गेली, तिच्या शेवटी योउथ्ये देणी फेडून, गाढव मोकळे सोडून अंथरुणावर पडतो आणि पुढे घर पाडले जाते. चीनमध्ये दाखवलेल्या प्रतीत तो सरकारी मदतीने नव्या घरात राहायला गेला, अशी माहिती जोडली आहे. खेळाला बसण्याआधी महोत्सवाच्या पुस्तिकेत चित्रपटाची लांबी पाहावी, आणि आपल्यापुढे कोणती प्रत आहे हे आयोजकांना विचारून घ्यावे.